सकाळी सातचा दवाखाना

दत्ताराम कंपाउंडरच्या तोंडी लागू नये, असं भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांमध्ये नव्या कामगाराला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगून ठेवायचं. आणि दुसऱ्या आठवड्यात तोच कामगार खोकत, नाहीतर कापलेलं बोट धरून, दत्तारामच्याच खिडकीपुढे उभा असायचा. जाणार कुठे बिचारा? ट्रस्टचा धर्मादाय दवाखाना होता तो. पाच रुपयांचा केसपेपर काढला की डॉक्टर तपासायचे, औषध मिळायचं, आणि दत्तारामचं बोलणं वर फुकट.

"तीन दिवस ताप अंगावर काढलास? सासऱ्याने आहेर दिला होता काय रे ताप, जपून ठेवायला?" हे एक. "बाटली धुतलीस की तशीच उचललीस? खोबरेल तेलाचा वास येतोय. पी आता तूच तेलातलं औषध." हे दुसरं. बाटली घरूनच आणायची असा तिथला जुना नियम. दत्ताराम तीत मिक्श्चर भरायचा, मग वहीच्या कागदाची पट्टी कापायचा, तिच्या कडेला कात्रीने खाचा पाडायचा आणि डिंकाने ती पट्टी बाटलीला चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक डोस. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं, कुठवर प्यायचं. बाकीच्या जगाने हे कधीच सोडून दिलं होतं, पण दत्तारामच्या कात्रीला कोण सांगणार?

बावीस वर्षं तो हे करत होता. डॉक्टर सहा बदलले, पंखे दोनदा बदलले, दत्ताराम तोच. गिरगावातली खोली विकून भाईंदरच्याच इंद्रलोकमध्ये तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, बिनलिफ्टच्या बिल्डिंगमध्ये, तेव्हापासून गुडघेही कुरकुरायला लागले होते. मुलगी रुचिता लग्न होऊन पुण्याला गेलेली. घरी तो आणि बायको सुचेता. संध्याकाळी जिना चढून आला की खुर्चीत बसून पाच मिनिटं काही बोलायचा नाही. सुचेता म्हणायची, "दिवसभर गाळ्यावाल्यांना ऐकवून शब्द संपतात वाटतं." खरं सांगायचं तर माणूस थकला होता. एकोणसाठावं चालू होतं आणि कधी एकदा साठी होते असं त्याला झालं होतं.

आता या दवाखान्याची एक गोष्ट पाटीवर नव्हती. पाटीवर वेळ होती साडेआठ ते एक. सोमवार, बुधवार, शुक्रवार दत्ताराम सातला कुलूप काढायचा. टीबीच्या पेशंटांसाठी. टीबीचं औषध सरकारी, फुकट, प्रत्येक पेशंटच्या नावाचा वेगळा डबा येतो. पण डबा घरी द्यायचा नाही, गोळ्या आपल्यासमोर गिळायला लावायच्या, असा नियम. का, तर माणूस दोन महिन्यांत टुणटुणीत होतो, आणि झाला की गोळ्या सोडतो. मग आजार उलटतो, आणि उलटलेला टीबी पहिल्यासारखा ऐकत नाही.

पण गाळे आठला सुरू होतात. पाच मिनिटं उशीर झाला की शेठ अर्धा दिवस कापतो. साडेआठच्या दवाखान्यात पॉलिशवाला येणार कसा? म्हणून दत्तारामने आपणच सातला उघडायला सुरुवात केली. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर ट्रस्टने मीटिंग घेतली असती. घरून थर्मासमध्ये चहा न्यायचा, ग्लुकोज बिस्किटाचे दोन पुडे न्यायचे, कारण त्या सात-सात गोळ्या रिकाम्या पोटी मळमळतात. पैसे स्वतःचे. सुचेता साडेपाचला उठून तो चहा करायची आणि रोज एकदा तरी म्हणायची, "ट्रस्ट तुमचा आहे का?"

सप्टेंबर २००८ मध्ये या सातच्या रांगेत नाथा आला. परभणीकडचा, तिशीतला, बफिंगच्या, म्हणजे भांडी घासून चकाकवण्याच्या, मशीनवर होता. नखांत, कानांत, भुवयांत काळी पूड. वजन केलं तर एक्केचाळीस किलो. बरोबर बायको होती, सुलू. ती इंद्रलोकमधल्याच चार घरी धुणीभांडी करायची.

"काका, किती दिवस घ्यायच्या?" नाथाने सातवी गोळी कशीबशी ढकलून विचारलं.

"सहा महिने. तोंड उघड. जीभ वर कर. गालात लपवणारे बघितलेत मी."

"लई मळमळायलंय."

"बिस्कीट खा. आणि एक दिवस चुकवलास ना, तर तुझ्या खोलीवर येईन आणि सगळ्या चाळीसमोर उभा करीन. समजलं?"

एकदा चुकवलाही त्याने. दत्ताराम खरंच गेला. नाथा अजून गोधडीत होता. दत्तारामने बाहेरूनच असा काही तोंडाचा पट्टा सोडला की शेजारच्या दोन बायका बादल्या टाकून बघायला आल्या, आणि नाथा एका हाताने लुंगी सावरत, दुसऱ्या हाताने गोळ्या घेत, तिथेच उंबऱ्यावर गिळून मोकळा झाला. पुन्हा चुकवलं नाही. दोन महिन्यांत वजन शेहेचाळीस झालं, खोकला गेला, गालांवर मांस आलं. सुलूने एक दिवस सातच्या रांगेत दत्तारामला वाकून नमस्कार केला, तर हा तिच्यावरच ओरडला, "पाया काय पडतेस? अजून चार महिने आहेत!"

आणि मग दिवाळीच्या आगेमागे गाळे बंद पडायला लागले. अमेरिकेत बँका बुडाल्या म्हणे. आता अमेरिकेतल्या बँकेचा आणि भाईंदरच्या पातेल्याचा काय संबंध, हे कुणाला विचाराल? पण बाहेरच्या ऑर्डरी थांबल्या, शेठ लोकांनी आधी एक पाळी केली, मग आठवड्याचे तीन दिवस, मग शटरच. ज्या गल्लीत मशीनच्या आवाजाने समोरासमोर बोलता यायचं नाही, तिथे भर दुपारी कबुतरं ऐकू यायला लागली. नाथाचा गाळा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बंद झाला.

ट्रस्टचे थोरले शेठ म्हणजे वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगतो. त्यांनी ठरवलं, यंदा या लोकांसाठी काहीतरी मोठं करायचं. त्यासाठी नीरज नावाचा मुलगा नेमला. समाजकार्याचं शिकलेला, चष्म्यातला, शांत बोलणारा. तो दोन आठवडे गल्ल्या फिरला. लोकांच्या खोल्यांत बसला, काळा चहा प्यायला, वहीत लिहिलं. आणि शेठना म्हणाला, या लोकांना रोख पैसे द्या. दर महिन्याला दीड हजार, एकशे साठ घरांना, सहा महिने. काही अट नको, काही प्रश्न नको. कुणाला भाडं द्यायचंय, कुणाला गावी आईला पाठवायचेत, कुणाला मुलाची फी. त्यांचं त्यांना कळतं.

पैसे मात्र आणायचे कुठून? निम्मे शेठनी घातले. उरलेल्या निम्म्यांसाठी ट्रस्टचे खर्च कापायचे ठरले, आणि त्यात दवाखाना आला. महापालिकेचं आरोग्य केंद्र पंधरा मिनिटांवर आहे, फुकट आहे. मग आपण तेच काम दुसऱ्यांदा का करायचं? नीरजचं म्हणणं कागदावर अगदी बरोबर होतं.

तरी तो एक दिवस दुपारी दवाखान्यात आला. डॉक्टर गेलेले, दत्ताराम खाचांच्या पट्ट्या कापत बसलेला.

"काका, एक विचारायचं होतं. माझ्याकडे दवाखान्याचं रजिस्टर आहे. सर्दी-ताप, ड्रेसिंग, टीबीचे डबे अकरा. ते सगळं केंद्राकडे देता येईल. पण रजिस्टरमध्ये नाही असं इथे काय होतं? तुम्ही बावीस वर्षं आहात. बंद केलं तर काय जाईल, ते मला तुमच्याकडून ऐकायचंय."

बघा, पोराने सरळ विचारलं होतं. समोर स्टुलावर बसून, वही उघडून, पेन काढून विचारलं होतं. आणि दत्तारामच्या मनात काय आलं? बावीस वर्षांत एक कुत्रं विचारायला आलं नाही, आणि आज कुलूप लावायच्या दिवशी हे पोरगं मला वहीत लिहून घेणार. शिवाय सातला उघडण्याचं बोलावं तर कबूल करावं लागेल की न विचारता उघडत होतो. कुणी म्हणेल, चावी तुमच्या बापाची का? आणि त्याहून खरं म्हणजे दमला होता तो. सगळं पहिल्यापासून सांगायचं, चहा, बिस्कीट, जीभ वर करायला लावणं, हे त्याच्या जिवावर आलं.

"काही नाही," दत्ताराम म्हणाला.

"काहीच नाही?"

"सांगितलं ना नीरजराव, काही नाही. लिहा."

नीरजने वही मिटली, "बरं काका" म्हणाला आणि गेला. तीस नोव्हेंबरला दवाखाना बंद झाला. टीबीचे अकरा डबे दत्तारामने स्वतः रिक्षात मांडीवर घेऊन आरोग्य केंद्रात पोचवले. प्रत्येक डब्यावर नाव त्याच्याच अक्षरात होतं. तिथल्या सिस्टरने मोजून घेतले. केंद्राची वेळ होती नऊ ते एक. ती पाटी दत्तारामने वाचली आणि तो बाहेर आला.

मे अखेरपर्यंत पगार चालू ठेवायचं ट्रस्टने ठरवलं होतं. लोक त्याला ओळखतात, तो लोकांना ओळखतो, म्हणून पाकिटं वाटायचं काम त्याच्याकडे आलं. महिन्याच्या पाच तारखेपासून गल्लोगल्ली फिरायचं. नीरजने एकच बजावलं होतं. "काका, कुणाला विचारायचं नाही. पैशाचं काय केलं, काम शोधलं का, पितो का, काहीच नाही. पाकीट द्यायचं, सही घ्यायची, यायचं. लोकांना आयुष्यभर सगळ्यांनी जाबच विचारलाय."

"फार उत्तम," दत्ताराम म्हणाला. रुसलाच तो, दुसरं काय! बावीस वर्षं ज्याने तोंड बंद केलं नाही, त्याने ठरवून तोंडाला कुलूप लावलं. दारात उभा राहायचा, पाकीट पुढे करायचा, सही घ्यायचा, की वळला. लोकांना आधी वाटलं, काकांना बरं नाही. मग सवय झाली.

आणि पैशाने कामं केली, हो. ते नाकारून चालणार नाही, दत्तारामनेही नाकारलं नाही. जी घरं गावी जायला निघाली होती ती थांबली. मुलं शाळेतून काढली नाहीत. भाडं थकलं नाही. एका घरी गेला तर तिथे समुद्रकाठच्या पाली गावच्या कोळणीकडून घेतलेल्या मासळीचं कालवण शिजत होतं आणि चार पोरं ताटं घेऊन बसली होती. दत्तारामच्या तोंडावर आलं, अरे, दीड हजारात मासे? पण बोलायचं नव्हतं. जिना उतरताना त्याची त्यालाच लाज वाटली. दोन महिने पोरांनी कोरी भाकरी खाल्ली असेल, एक दिवस मासळी खाल्ली तर आपल्या बापाचं काय गेलं?

घरी त्याने सुचेताला हे सांगितलं. ती गवार मोडत होती. म्हणाली, "तुमच्या दवाखान्यात भाडं मिळायचं का? नाही ना? मग. ज्याच्या डोक्यावर भाड्याची टांगती तलवार, त्याला तुमचं मिक्श्चर काय कामाचं?"

"आणि ज्याला खोकला आहे त्याने नोटा उगाळून प्यायच्या?"

"त्यासाठी केंद्र आहे की."

"आहे," दत्ताराम म्हणाला, आणि पेपर उघडला.

नाथाकडे डिसेंबरात गेला तेव्हा नाथा दारातच हसत उभा होता. गाल भरलेले. पाकीट घेतलं, सही केली. दत्तारामच्या अगदी ओठांवर आलं, केंद्रात जातोस ना रे? पण नाही विचारलं. जानेवारीत गेला तर खोली बदललेली. शेजारणीने सांगितलं, मागच्या वस्तीत स्वस्त खोली घेतलीय, सहाशे रुपये भाडं कमी. दत्ताराम शोधत गेला, पाकीट दिलं, आणि यादीत नाथाच्या नावापुढे जुना पत्ता खोडून नवा लिहिला. फेब्रुवारीत नाथा घरी नव्हता, सुलूने सही केली. नाक्यावर उभा राहतो म्हणाली, गाड्या भरायच्या मिळतात कधी कधी, सकाळी लवकर जावं लागतं.

मार्चमध्ये दत्ताराम वस्तीच्या तोंडाशी पोचला आणि त्याला खोकला ऐकू आला. बावीस वर्षं ज्याने खिडकीतून खोकले ऐकले त्याला माणूस बघावा लागत नाही. कोरडा नव्हता तो. खोल होता. दाराशी आला तर नाथाच. गाल पुन्हा बसलेले. नाथाने पाकीट घेतलं, सही करताना पेन दोनदा थांबलं.

दत्ताराम उभा राहिला. नेहमीपेक्षा जास्त वेळ उभा राहिला. नाथाही त्याच्याकडे बघत राहिला. या वेळी हा म्हातारा ओरडेल, असं त्याच्या तोंडावर होतं. आणि दत्तारामने काय केलं? यादी घडी करून पिशवीत घातली आणि म्हणाला, "येतो." एवढंच. वाटेत स्वतःची समजूत घालत राहिला की केंद्रात डॉक्टर आहेत, सिस्टर आहेत, नावाचा डबा आहे, तपासत असतीलच की. माझं काम पाकिटाचं. मला कुणी विचारायला सांगितलंय? घरी आल्यावर जेवला नाही. सुचेताने कारण विचारलं तर म्हणाला, पित्त झालंय.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी सकाळी बेल वाजली. सुलू होती. तीन मजले पळत चढून आलेली, पदर तोंडावर, आणि पदरावर रक्त. तिचं नव्हतं ते. "काका, रात्रीपासून पडायलंय. बादलीत... लई पडलंय," एवढंच ती बोलू शकली.

रिक्षा, सरकारी हॉस्पिटल, एक्सरे, पुन्हा थुंकी तपासणी. चार दिवसांनी रक्त थांबलं. नाथा वाचला. डावं फुफ्फुस जवळजवळ गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, नव्याने कोर्स, आठ महिने, पहिले दोन महिने सुयासुद्धा. तीन महिन्यांनी थुंकी पुन्हा तपासायची, तेव्हा कळेल औषध अजून लागू पडतंय की नाही. जुनं कार्ड आणि डबा केंद्रातून आणा.

दत्ताराम केंद्रात गेला. सिस्टरने कपाटातून डबा काढून टेबलावर ठेवला. वर त्याच्याच अक्षरात नाव. आत औषधाच्या पट्ट्या, एका आठवड्याला एक. सिस्टरने मोजल्या. अकरा शिल्लक. डिसेंबरात चार वेळा आला होता, नंतर नाही.

"तुम्ही माणूस नाही पाठवलात?" दत्ताराम म्हणाला. आवाज चढवायचा होता, पण चढला नाही.

"दोनदा पाठवला की." तिने कार्ड त्याच्यापुढे सरकवलं. मागच्या बाजूला दोन तारखा होत्या, जानेवारीतली एक आणि फेब्रुवारीतली एक. पुढे लिहिलं होतं, खोली बंद, स्थलांतर, पत्ता माहीत नाही. "नवा पत्ता कुणालाच माहीत नव्हता. कुठे शोधणार?"

दत्ताराम खुर्चीत बसला. नवा पत्ता त्याला माहीत होता. जानेवारीपासून माहीत होता. पाकिटांच्या यादीत त्याने स्वतःच्या हाताने लिहिला होता, ती यादी आत्ता त्याच्या पिशवीत होती. सिस्टरने विचारलं, "पाणी देऊ का काका?" त्याने मान हलवली, पण हो की नाही ते तिला कळलं नाही.

हॉस्पिटलमध्ये नाथा खाटेवर टेकून बसला होता. दत्तारामला बघून कसंनुसं हसला.

"का सोडल्यास?" दत्तारामने विचारलं. चार महिन्यांनी पहिला प्रश्न.

"बरं वाटायलं होतं, काका. आन् केंद्र उघडतंय नवाला. नाक्यावर साडेसातला उभं नाही राहिलं तर गाडी मिळत नाही. म्हटलं हप्ताभर जाऊ दे, मग जाऊ. मग लाज वाटायली." तो दम घ्यायला थांबला. "तुमच्याकडं सातला यायचो, तसंच नाक्यावर गेलो असतो की. तुम्ही दर महिन्याला आलाव. मला वाटायचं, आज काका शिव्या देतील, मग जाईन. एकदा तरी विचारायचं होतंत."

तो तक्रार करत नव्हता. साधं सांगत होता, म्हणून जास्त लागलं. दत्तारामने त्याच्या पायांवरची चादर सारखी केली, ती सारखीच होती, आणि बाहेर जाऊन व्हरांड्यात उभा राहिला. डोळे पुसायला रुमाल काढला तर खिशातून पाकिटांच्या सह्यांचं पेन खाली पडलं. ते उचलायला गुडघा वाकेना.

मेच्या शेवटी नीरज इंद्रलोकमध्ये घरी आला. पैशाची योजना संपत होती. एकशे साठपैकी एकशे एक्कावन्न घरं टिकली होती, गाळे हळूहळू उघडत होते, शेठ खूश होते. रिपोर्ट लिहायचा होता. सुचेताने पोहे केले. दत्ताराम पोह्यांना हात न लावता बोलायला लागला. नाथाचं सांगितलं. मग सातच्या कुलपाचं सांगितलं. चहा, बिस्किटं, जीभ वर करायला लावणं, लुंगी सावरत उंबऱ्यावर गिळलेल्या गोळ्या, सगळं. बाकीच्या दहा डब्यांचंही त्याने तोपर्यंत शोधून काढलं होतं. सात पुरे झाले होते, एक गावी गेला, दोघं नाथासारखेच अर्ध्यावर. त्या दोघांना त्याने खोलीवरून ओढत केंद्रात नेलं होतं.

"तू पैसे दिलेस ते चांगलंच केलंस रे," तो म्हणाला. राव-बिव कधीच गळून पडलं होतं. "पैसे नसते तर ही माणसं इथे राहिलीच नसती, मी काय गोळ्या घेऊन परभणीला जाणार होतो? पण माझा सातचा दवाखाना नव्हता रे बंद करायचा. दोन्ही लागतं. तेवढं एक ठेवायचं होतंस."

नीरजचे डोळे भरले होते. त्याने चष्मा काढला, पुन्हा घातला.

"काका, मी विचारलं होतं," तो म्हणाला.

स्वयंपाकघरात सुचेताने गॅस बंद केला.

"हो," दत्ताराम म्हणाला. "विचारलं होतंस."

दोन महिने सुया होत्या. त्यासाठी नऊलाच केंद्रात जावं लागायचं आणि नाथाला तसंही आता काम होत नव्हतं. दत्ताराम त्याला सोमवार, बुधवार, शुक्रवार शेअर रिक्षाने घेऊन जायचा, आणायचा. स्वतःचा पगार मेमध्ये संपला होता. नीरजने भांडून नाथाचं पाकीट वर्षअखेरपर्यंत चालू ठेवलं आणि ट्रस्टपुढे सातच्या दवाखान्याचा कागदही ठेवला, त्यावर मीटिंग व्हायची आहे. जूनच्या अखेरीस सुया संपल्या तेव्हा सिस्टरने कार्डावर गोळ्या देणाऱ्याच्या रकान्यात दत्तारामचं नाव लिहिलं आणि डबा त्याच्या हवाली केला. डबा आता सुचेताच्या मिसळणाच्या डब्याशेजारी असतो. तिला ते आवडलेलं नाही, पण साडेपाचला चहा ती करतेच.

पहिल्या दिवशी नाथा तीन मजले चढायला लागला. दत्तारामला वरून पावलं ऐकू आली. पाच पायऱ्या, थांबला. चार पायऱ्या, थांबला. पहिल्या मजल्यावर जो थांबला तो थांबलाच. दत्तारामने थर्मास काखेत मारला, एका हातात गोळ्या, एका हातात तांब्या, आणि कठड्याला कोपर टेकत स्वतःच खाली उतरला. तेव्हापासून दर वेळी तोच तळमजल्यापर्यंत उतरतो. वॉचमनच्या खुर्चीत नाथाला बसवतो. थुंकीचा रिपोर्ट अजून यायचा आहे. पुढच्या आठवड्यात येईल.

"गिळ. तोंड उघड. जीभ वर."

नाथाने जीभ वर केली. दत्तारामने वाकून पाहिलं, मग बिस्कीट दिलं.

"रात्री किती वेळा खोकलास? जेवण गेलं का? सुलूचं वजन केलं का केंद्रात? घरात आणखी कोण खोकतंय?"

"किती विचाराल हो काका," नाथा दमून म्हणाला.

"विचारणार," दत्ताराम म्हणाला, आणि गुडघा धरून त्याच्या शेजारी पायरीवर बसला. "तू सांग."